खुर्ची आणि कुऱ्हाड

माणसाला कसला नाद असावा याला काही नियम नाही. कुणी काड्यापेट्यांवरची चित्रे जमवतो, कुणी नाटकांची जुनी तिकिटे. आमच्या शेजारचे गृहस्थ रेल्वेचे वेळापत्रक कादंबरीसारखे वाचतात. कुठे जायचे नसते, पण दौंडला गाडी किती वाजता येते हे ठाऊक असले म्हणजे त्यांना बरे वाटते. मला नाद आहे याद्या वाचण्याचा. लग्नातल्या आहेराची यादी असो, शाळेच्या भिंतीवरचा देणगीदारांचा संगमरवरी फलक असो, की जुन्या ग्रंथसंग्रहालयातली अध्यक्षांची नामावली असो. यादी दिसली की माझे पाय थबकतात. बरोबरची मंडळी पुढे निघून जातात. "अहो, चला ना, नावंच तर आहेत नुसती!" अशी पुढून हाक येते. नावे तर असतातच. पण नावांसमोर सालेही असतात, आणि दोन सालांच्या मधल्या त्या बारीक रेघेत कधी कधी एखादी मोठी गोष्ट दडून बसलेली असते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अशीच एक यादी हाती लागली. इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाच्या कुलपतींची. विद्यापीठाला आठशे वर्षे होऊन गेलेली, तेव्हा यादी मारुतीच्या शेपटासारखी लांब. सुरुवातीची नावे आज कुणाला काही सांगत नाहीत. त्या काळी कुलपती म्हणजे तिथल्याच अध्यापकांतला एक. थोडी वर्षे कारभार पाहायचा आणि पुन्हा आपल्या शिकवण्याला लागायचे. पण १५०४ सालापाशी आलो आणि माझे बोट अडखळले. तिथून १६४९ पर्यंतच्या एकशे पंचेचाळीस वर्षांत तेरा माणसे या पदावर आली. त्यांतल्या सहा जणांची मस्तके कुऱ्हाडीने उडवली गेली. जॉन फिशर, १५३५. थॉमस क्रॉमवेल, १५४०. सॉमरसेटचा ड्यूक, १५५२. नॉर्थंबरलंडचा ड्यूक, १५५३. एसेक्सचा अर्ल, १६०१. हॉलंडचा अर्ल, १६४९. यांखेरीज बकिंगहॅमच्या ड्यूकला १६२८ मध्ये पोर्ट्‌स्मथ बंदरात एका असंतुष्ट लष्करी अधिकाऱ्याने सुरीने भोसकले, तो सातवा. रणांगणावरची यादी असती तर समजले असते. हे तर विद्येचे घर!

ही नावे मी जेवताना घरात ऐकवली. आमच्या धाकट्याने घास तसाच हातात ठेवून विचारले, "पण बाबा, मग पुढचा माणूस हो कसा म्हणायचा?"

प्रश्न रास्त होता. त्याहूनही रास्त प्रश्न असा की, विद्यापीठ अशा माणसांना निवडायचे कशाला? उत्तर सरळ आहे. विद्यापीठाजवळ पुस्तके होती, पैसा बेताचा होता आणि फौज मुळीच नव्हती. गावातल्या लोकांशी भांडण नित्याचे. बाजारातल्या पावाच्या आणि दारूच्या दरावर देखरेख कुणाची, यावरूनसुद्धा नगरपालिकेशी शतकानुशतके तंटा चाललेला. त्यात राजाची कधी कोणावर मर्जी फिरेल याचा नेम नाही. तेव्हा दरबारात आपला शब्द टाकणारे कुणीतरी असावे, असे त्या पंडितांना वाटले तर नवल नाही. मग राजाच्या कानाला जो सर्वांत जवळ, तो आमचा कुलपती, अशी रीत पडली. परंतु ट्यूडर राजांच्या काळी राजाच्या कानाला जो सर्वांत जवळ, त्याचीच मान कुऱ्हाडीलाही सर्वांत जवळ असे. एवढा हिशेब त्या हुशार मंडळींनी मांडला नाही; किंवा मांडला असेल आणि मान आपली नाही म्हणून गप्प बसले असतील.

मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे लक्ष शब्दाकडे आधी जाते. 'चॅन्सलर' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. न्यायसभेत मधोमध जो जाळीदार कठडा असे, त्या कठड्यापाशी बसणारा कारकून तो चॅन्सलर. त्याच जाळीवरून दुसराही एक शब्द निघाला. लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा ओढून तो खोडणे, म्हणजे 'कॅन्सल' करणे. चॅन्सलर आणि कॅन्सल ही अशी सख्खी भावंडे आहेत; केंब्रिजची यादी पाहिली म्हणजे हे नाते चांगलेच पटते.

आपला 'कुलपती' हा शब्द मात्र निराळ्या घराण्यातला. दहा हजार मुनींना अन्नवस्त्र देऊन जो शिकवतो तो कुलपती, अशी त्याची जुनी व्याख्या आहे. आधी जेवू घालायचे आणि मग शिकवायचे. 'शाकुंतला'तले कण्व असे कुलपती. दुष्यंत आश्रमाच्या वेशीवर येतो आणि कुलपती आहेत का, असे विचारतो. उत्तर मिळते, नाहीत, सोमतीर्थाला गेले आहेत. तेव्हा कामाच्या वेळी कुलपतींनी जागेवर नसण्याची परंपरा आपल्याकडेही बरीच जुनी म्हणायची! आज आपल्या राज्याच्या विद्यापीठांचे कुलपतिपद राज्यपालांकडे पदसिद्ध चालत येते. निवडणूक नाही आणि कुऱ्हाडही नाही.

केंब्रिजच्या त्या तेरा जणांत आपल्या व्याख्येतला कुलपती कुणी असेल, तर तो पहिलाच, जॉन फिशर. हा रॉचेस्टरचा बिशप. इंग्लंडातल्या अगदी गरीब धर्मपीठांपैकी ते एक. पुढे अधिक उत्पन्नाचे पीठ मिळत असताना, श्रीमंत विधवेसाठी मी माझी गरीब म्हातारी बायको टाकणार नाही, असे तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. सातव्या हेन्री राजाची आई लेडी मार्गारेट हिचा तो धर्मगुरू होता. ही बाई मोठी धनवान आणि दानशूर. तिचा पैसा फिशरने विद्येकडे वळवला. १५०५ मध्ये क्राइस्ट्स कॉलेज उभे राहिले. सेंट जॉन्स कॉलेजाचा संकल्प तिने सोडला, पण ती १५०९ मध्ये वारली आणि तिचा नातू आठवा हेन्री इस्टेटीवर हक्क सांगू लागला. फिशरने चिकाटीने खटपट करून जेवढे सोडवता आले तेवढे सोडवले आणि १५११ मध्ये कॉलेजाची सनद मिळवली. इरॅस्मससारखा युरोपातला थोर पंडित त्याच्यामुळे केंब्रिजला येऊन ग्रीक शिकवू लागला. तिथल्या मद्याबद्दल इरॅस्मसची तक्रार होती, पण राहिला. आणि स्वतः फिशर? चाळिशी उलटून गेल्यावर, अंगावर दोन मोठ्या पदांचा भार असताना, ग्रीक भाषा मुळापासून शिकायला बसला. आमच्यासारख्या चाळिशीतल्या प्राध्यापकांनी हे वाक्य जरा हळूच वाचावे.

१५१४ मध्ये हा फिशर विद्यापीठाला म्हणाला, मला सोडा, दरबारात वोल्झीचे वजन आहे, त्याला कुलपती करा. वोल्झीने नकार दिला. तेव्हा विद्यापीठाने फिशरला आजन्म कुलपती केले. हे 'आजन्म' पुढे फार लवकर संपायचे होते. आठव्या हेन्रीने पहिली राणी टाकून दुसरी केली आणि आपणच चर्चचा मुख्य असे जाहीर केले. सर्वांनी शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. बिशपांपैकी फिशर तेवढा ठाम राहिला. एप्रिल १५३४ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये टाकले. साठी उलटलेला म्हातारा, ऐन हिवाळ्यात कोठडीत. त्या डिसेंबरात त्याने राजाच्या कारभाऱ्याला पत्र लिहिले की, अंगात घालायला धड सदरा नाही, कपड्यांच्या चिंध्या झाल्या आहेत, पचेल असे अन्न मिळत नाही, तेवढी सोय व्हावी. कारभाऱ्याचे नाव थॉमस क्रॉमवेल. पुढच्या जूनमध्ये, २२ तारखेला, फिशरचा शिरच्छेद झाला; आणि त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाने नवा कुलपती निवडला, तो हाच थॉमस क्रॉमवेल.

यादीत ही दोन नावे एकाखाली एक आहेत. मध्ये एक ओळसुद्धा मोकळी सोडलेली नाही.

फिशरचा ग्रंथसंग्रह मोठा नामांकित होता. तो त्याने सेंट जॉन्स कॉलेजाला रीतसर दानपत्र करून देऊन टाकला होता आणि आपल्या हयातीपुरता वाचायला जवळ ठेवला होता. स्वतःचीच पुस्तके कॉलेजाकडून उसनी आणल्यासारखी. तो कैदेत गेल्यावर राजाच्या माणसांनी सगळी पुस्तके जप्त करून नेली. कॉलेजाच्या हाती एकही लागले नाही.

पण त्या कॉलेजाने एक गोष्ट केली. विद्यापीठ वाऱ्याची दिशा पाहत होते, तेव्हा सेंट जॉन्सच्या अध्यापकांनी टॉवरमध्ये आपल्या माणसांना फिशरच्या भेटीला पाठवले आणि त्याला एक पत्र लिहिले. आमच्याजवळ जे काही आहे ते तुमच्यामुळे आहे, ते सगळे तुमचेच आहे, अशा अर्थाचे. राजाचा रोष झालेल्या माणसाला असे लिहिणे म्हणजे काय, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही कळत होते. तरी लिहिले.

हे वाचताना मला आमच्या गावच्या हेडमास्तरांची आठवण झाली. शाळेची लायब्ररी त्यांनी दारोदार फिरून उभी केली होती. लोकांच्या माळ्यावरची पुस्तके खाली काढायची, वाळवी झटकायची, खळ लावून बांधायची. पुढे संस्थेत दोन पक्ष पडले, कार्यकारिणी बदलली आणि निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना त्यांना दूर केले गेले. लायब्ररीच्या दारावरची त्यांची पाटीही गेली. तिथे नव्या अध्यक्षांच्या वडिलांचे नाव आले. मी बी. ए. ला असताना एकदा दिवाळीत त्यांना भेटायला गेलो. सरांनी फळीवरून पत्र्याचा एक डबा काढला. चिवडा मिळणार म्हणून मी सरसावून बसलो. डब्यात पोस्टकार्डे निघाली. दर दिवाळीला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेली; कुणी बँकेत, कुणी सैन्यात, कुणी गिरणीत. बहुतेकांचा मजकूर तोच, 'सर, आपल्या आशीर्वादाने सर्व ठीक आहे.' सर एकेक कार्ड वाचून दाखवत होते आणि मी हातातली बशी रिकामीच धरून बसलो होतो. चिवडा नंतर बाईंनी आणला. त्या डब्यासमोर संगमरवरी फलक मला तेव्हापासून फिका वाटतो.

क्रॉमवेल पाच वर्षे कुलपती होता. २८ जुलै १५४० रोजी त्याचीही मान गेली. त्याच दिवशी राजाने नवे लग्न लावले. मग आला बिशप गार्डिनर. हा आपल्या अंथरुणावर मेला, पण केंब्रिजमध्ये तो गाजला तो ग्रीक उच्चारांवरून. तरुण प्राध्यापक जुन्या ग्रीकांचे खरे उच्चार शोधून तसे शिकवू लागले होते. १५४२ मध्ये गार्डिनरने हुकूम काढला की, नवे उच्चार बंद. जो करील त्याला शिक्षा, आणि विद्यार्थ्याने केले तर फटके. आपल्याकडे अनुस्वार ठेवावेत की काढावेत यावर काय थोडा धुरळा उडाला? पण कुणाला फटके मारल्याचे ऐकिवात नाही. मराठी माणूस त्या मानाने सौम्यच.

नॉर्थंबरलंडच्या ड्यूकची कथा तर नाटकात शोभेल अशी. जुलै १५५३ मध्ये त्याने आपल्या सुनेला, सोळा-सतरा वर्षांच्या जेन ग्रेला, गादीवर बसवले आणि खरी वारस मेरी हिला पकडायला फौज घेऊन निघाला. वाटेत आपल्याच केंब्रिजमध्ये त्याचा मुक्काम पडला. कुलगुरूंनी आदराने स्वागत केले आणि जेनच्या बाजूने प्रवचन दिले. दोन-चार दिवसांत बातमी आली की लंडन फिरले, मेरी राणी झाली. लगेच कुलपती भर बाजारात गेला, मेरीच्या नावाने ओरडला आणि आपली टोपी हवेत उडवली. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते म्हणतात. टोपीने काही मान वाचली नाही. तिथेच त्याला पकडले आणि ऑगस्टमध्ये लंडनला त्याचा शिरच्छेद झाला. प्रवचन देणारे कुलगुरूही टॉवरमध्ये गेले. ते सुटले आणि पुढे यॉर्कचे आर्चबिशप झाले.

कुलपतीचा आधार खरोखर किती, हे पाहायचे तर १६८७ सालाकडे यावे. दुसऱ्या जेम्स राजाने एका कॅथलिक संन्याशाला शपथेशिवाय पदवी द्या, असा हुकूम केला. विद्यापीठ म्हणाले, कायद्यात बसत नाही. कुलपती होता अल्बमार्लचा ड्यूक. त्याला मध्यस्थी करायला लिहिले. काही उपयोग झाला नाही. त्याचे लक्ष दुसरीकडे होते. समुद्रात बुडालेल्या एका स्पॅनिश जहाजातला खजिना काढण्याच्या उद्योगात त्याने पैसे घातले होते, तो खजिना त्याच वर्षी हाती लागला. आणि मग गव्हर्नर म्हणून तो जमैकाला निघून गेला. राजाच्या न्यायासनासमोर उभे राहिले ते कुलगुरू आणि आठ प्रतिनिधी. कुलगुरूंचे पद गेले. पदवी मात्र दिली गेली नाही. त्या आठांत चव्वेचाळीस वर्षांचा एक गणिताचा प्राध्यापक होता, आयझॅक न्यूटन. त्याच वर्षी त्याचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढे कुऱ्हाड गेली आणि खुर्ची शोभेची झाली. सॉमरसेटचा एक ड्यूक १६८९ पासून १७४८ पर्यंत, तब्बल एकोणसाठ वर्षे तिच्यावर होता. यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. नाव घ्यावे ते राणी व्हिक्टोरियाच्या पतीचे, प्रिन्स अल्बर्टचे. १८४७ मध्ये तो चुरशीच्या निवडणुकीत थोड्या मतांनी निवडून आला. एवढ्या कमी मतांनी पद घ्यावे की नाही, असाच त्याला प्रश्न पडला होता. त्याच्या स्वागताला राजकवी वर्ड्‌स्वर्थचे काव्य होते, पण ते बरेचसे जावयाने लिहिले असे मानतात. अल्बर्ट शोभेचा राहिला नाही. गणित आणि प्राचीन भाषा यांपलीकडे न पाहणाऱ्या विद्यापीठात निसर्गविज्ञानांची परीक्षा आली ती त्याच्या कारकिर्दीत. त्याच्यानंतरचा डेव्हनशरचा सातवा ड्यूक स्वतः १८२९ चा दुसरा रँग्लर. त्याने आपल्या पैशांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा बांधून दिली. १८७४ मध्ये ती सुरू झाली आणि १८९७ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनचा शोध लागला. १९०८ मध्ये लॉर्ड रॅले कुलपती झाला. तो १८६५ चा सीनियर रँग्लर. १९०४ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कम त्याने विद्यापीठालाच देऊन टाकली. पंगतीला वाढणारे कुलपती ते हे.

आपल्या ओळखीचेही एक नाव यादीत आहे. १९४८ मध्ये जनरल स्मट्स कुलपती झाला. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना तुरुंगात घालणारा हाच. गांधीजींनी तुरुंगात शिवलेला वहाणांचा जोड १९१४ मध्ये निघताना त्याला भेट दिला. त्याने तो पुष्कळ उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, या वहाणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असे लिहून गांधीजींचा गौरव केला. तो १९५० मध्ये वारला, तेव्हा काही लोकांनी त्याच्या जागी पंडित नेहरूंचे नाव सुचवले. नेहरूंनी ते मागे घेतले आणि लॉर्ड टेडर कुलपती झाला. पुढे २०११ मध्ये लॉर्ड सेन्सबरी उभा राहिला. मोठमोठ्या वाणसामानाच्या दुकानांचे त्याचे घराणे. त्याच्याविरुद्ध कोण उभे राहावे? केंब्रिजमधलाच एक छोटा किराणा दुकानदार! सेन्सबरीचे दुकान शेजारी येते आहे म्हणून त्याचा निषेध. तो हरला, पण त्या यादीला इतका मोकळा वारा पूर्वी कधी लागला नसेल. २०२५ मध्ये क्रिस स्मिथ निवडून आले. आता मुदत 'आजन्म' नाही, दहा वर्षांची.

ही सगळी कथा ऐकून झाल्यावर आमच्या घरून एकच शेरा आला, "एवढ्या यादीत एकही बाई नाही?" नाही. २०२५ च्या निवडणुकीत स्त्रिया उभ्या होत्या, पण यादीत अजून एकही नाही. स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायलाच केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिले. आपल्या शकुंतलाबाई परांजपे १९२९ च्या सुमारास तिथल्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या, तेव्हा परीक्षा देता येत होती, विद्यापीठाचे सदस्यत्व मिळत नव्हते.

त्यांचे वडील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला आणि 'रँग्लर' हा शब्द महाराष्ट्रात घरोघर गेला. पुढे फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य, लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू. १८९९ मध्ये केंब्रिजचा कुलपती कोण होता, हे मला यादी उघडून पाहावे लागले. डेव्हनशरचा आठवा ड्यूक. परांजपे कोणत्या कॉलेजात शिकले हे मात्र पाहावे लागले नाही. ते सेंट जॉन्सचे. ज्याची सनद मिळवण्यासाठी एका गरीब बिशपने राजाशी खटपट केली, ज्याला त्याने दिलेली पुस्तके कधी पोचली नाहीत, आणि ज्याने त्याला कैदेत पत्र लिहिले, तेच ते कॉलेज.